बिडाच्या पातेल्यातला आखाड

मी संशयी आहे असं आमची सगळी भावकी म्हणते. म्हणू दे. दुधात बोट बुडवून बघणारी आणि भाजीवाल्याच्या काट्याखाली हात फिरवणारी बाई आहे मी. आजवर निम्म्या वेळा माझा संशय खरा निघालाय, आणि उरलेल्या निम्म्या वेळा समोरचा माझ्यापेक्षा हुशार निघाला असं मी समजते.

तर डोळ्याचं ऑपरेशन उरकून मी काळेवाडीहून, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, यशोदाच्या घरून, रावेतला परत आले आणि पायावर पाणी घेऊन पहिली मागच्या अंगणात गेले. पत्र्याच्या शेडखाली माझी चूल जागेवर होती. लाकडं होती, फुंकणी होती, चिमटा होता. चुलीशेजारी पालथं घातलेलं माझं बिडाचं पातेलं मात्र नव्हतं.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. माझे मालक रंगराव भोसरीत ओतकामाच्या कारखान्यात होते, वाळूचे साचे बनवायचे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी साहेबाची परवानगी काढून त्यांनी माझ्या माहेरचं पितळी पातेलं वाळूत दाबलं, त्या साच्यात बीड ओतलं, आणि झाकणासकट ते धूड सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं. पहिल्या वर्षी त्यात केलेलं मटण इतकं काळं आणि लोखंडाच्या वासाचं झालं की सासूबाईंनी ते पातेलं गाईच्या आंबोणासाठी लावायला सांगितलं. मी ऐकलं नाही. तेल पाजत गेले, तापवत गेले, कधी साबण लावला नाही. हळूहळू आतून त्याला काळाभोर, गुळगुळीत थर धरला. मग त्यातलं मटण असं व्हायला लागलं की आखाडाला सगळी भावकी आमच्याच घरी यायला लागली.

आता खरं बोलते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला मूलबाळ नाही. रंगराव गेले, आणि आमच्या वाटणीचं घर रस्तारुंदीत गेलं. पुतण्या शेखरनं आणि त्याच्या बायकोनं, उत्कर्षानं, मला आपल्या बंगल्यात आणलं, खालची खोली दिली, कधी उणादुणा शब्द काढला नाही. पण घरात नुसतं राहणं वेगळं आणि घराला आपली गरज असणं वेगळं. वर्षाचे बाकी सगळे दिवस मी या घरातली म्हातारी चुलती असते. आषाढातल्या त्या एका रविवारी मी जयमालावहिनी असते, आणि भावकीतल्या दादासाहेबांसारखा माणूससुद्धा माझ्या चुलीपाशी येऊन उभा राहतो. ते पातेलं गेलं तर तो रविवार गेला. आणि तो रविवार गेला तर मग माझं काय, हा विचार मी कधी पुरा करत नसे.

"शेखर, माजं पातेलं कुटं हाय?"

"माळ्यावर ठेवलंय काकी. पावसाळी हवा ना, गंज चढतो." एवढं बोलून शेखर दारातल्या चपला नीट लावायला लागला. लहानपणापासून हा पोरगा खोटं बोलला की चपला नीट लावतो.

मी ते मनात टिपून ठेवलं. तो चाकणला त्याच्या शेडवर गेला. तिथं त्याचं कंपन्यांसाठी लोखंडी जॉब, म्हणजे सुटे भाग, साफ करून रंगवून द्यायचं काम चालतं. उत्कर्षा ताथवड्याला कॉलेजात शिकवायला गेली. घर रिकामं झाल्यावर मी झाडूच्या दांड्यानं माळ्याचं दार ढकललं. आत कूलर होता, गणपतीची आरास होती, गाद्या होत्या. पातेलं नव्हतं. आणि ते माळ्यावर चढवायचं म्हणजे दोन गडी लागले असते, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर नवीन यंत्र. लंबगोल, बाहेरून चकचकीत, आत चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. मला बघताक्षणी कळलं.

या यंत्राची गोष्ट उत्कर्षानं मागेच काढली होती. "काकू, याला स्लो कुकर म्हणतात. सकाळी मटण, मसाला, पाणी घालायचं, बटण लावायचं आणि कामाला जायचं. मंद आचेवर दिवसभर शिजतं. संध्याकाळी हाडापासून आपोआप सुटतं. करपत नाही, हलवावं लागत नाही, कुणी जवळ बसायला नको." शेवटचं वाक्य मला विशेष लागलं. कुणी जवळ बसायला नको, म्हणजे मी नको.

तेव्हा मी तिला विचारलं होतं, "वाफ कुठनं जाती?"

"जात नाही. झाकणाला लागते आणि परत आत पडते. त्यामुळे मटण कोरडं होत नाही."

"मग आटायचं कसं? जेवढं पानी घातलं तेवढंच ऱ्हानार. आन् परतायचं कसं? ते तापतंय का तेवढं? मटन शिजलं म्हंजी झालं व्हय गं? बिडात कसं, बूड एकदा तापलं की आच धरून ठेवतं. मटन आधी चरचरतं, रंग धरतं. मग पानी. मग झाकनावर इस्तव, वरनंबी आन् खालनंबी."

ती ऐकत राहिली होती, आणि मग म्हणाली होती, "पण काकू, धूर किती होतो. तुमच्या डोळ्यांना चांगलं नाही ते." डोळ्यांचं नाव काढलं की माणसाला उत्तर देता येत नाही. तेव्हाच मी मनात म्हटलं, ही पोरगी गोड बोलून माझी चूल विझवणार.

आणि आता मी घरात नाही हे साधून पातेलं गायब आणि यंत्र हजर. दोन अधिक दोन करायला शाळेत जावं लागत नाही.

पुढचे दिवस मी नुसती डोळ्यांत औषध घालत पडून होते असं घरातल्यांना वाटत होतं. मी पाळत ठेवून होते. गल्लीत भंगारवाल्याची हाळी आली तशी फाटकात जाऊन त्याला अडवलं. "आमच्या घरनं बिडाचं पातेलं न्हेलंस का रं?" तो बिचारा गणपतीची शपथ घ्यायला लागला. शेजारच्या भाडेकरणीला विचारलं, तिनं काही पाहिलं नव्हतं. शेखर आणि उत्कर्षा जिन्याखाली काहीतरी कुजबुजत असायचे, मी काठी टेकत आले की दोघंही एकदम हवापाण्यावर बोलायचे. एकदा शेखरचं वाक्य अर्धं ऐकलं, "आखाडापर्यंत तरी सांगू नकोस." झालं. पातेलं भंगारात घातलं आणि ते लपवायला नवऱ्यालाही आपल्या बाजूला ओढलं, असा मी निकाल लावून टाकला. शेखरवर माझा राग नव्हता. तो साधा आहे, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. कर्ती करविती तीच.

मग मी मुद्दाम जेवताना विषय काढला. "औंदा आखाड कवा धरायचा? दादासाहेबांचा फोन आलता." फोन आला नव्हता.

शेखरनं उत्कर्षाकडे पाहिलं. उत्कर्षा म्हणाली, "हा रविवार नको, पुढचा ठेवू. तुमची विश्रांती होईल."

"आन् पातेलं?"

"पातेलं निघणार ना काकी," शेखर म्हणाला, "आखाड काय पातेल्याबिगर होतोय व्हय!" बसल्या जागी चपला नव्हत्या म्हणून त्यानं ताटाभोवतीच्या वाट्या नीट लावल्या.

आखाडाच्या रविवारी मी पहाटेच उठले. नऊवारी नेसून, पदर खोचून मागच्या दाराशी गेले तर उत्कर्षा तिथं उभी. "काकू, डॉक्टरांनी महिनाभर धुराजवळ जायचं नाही सांगितलंय. आम्ही चुलीवर चढवलंय मटण. तुम्ही आज फक्त पाहुण्यांशी बोला."

"कांदा कुनी भाजला?"

"मी."

"खोबरं?"

"तेही मीच."

"वाटन दाखीव."

तिनं खरंच वाटण आणून दाखवलं. रंग बरा होता. बोट लावून चाखलं, तेही बरं होतं. पण बरं वाटण दाखवणारी बाई मागच्या दाराला कडी का लावते, हे मला कळेना. ती म्हणाली, "धूर आत येतो म्हणून." आणि मग पेपर तपासायचे आहेत म्हणून वरच्या खोलीत निघून गेली. सणाच्या दिवशी, घरात वीस माणसं जेवायला असताना, पेपर!

मी माझ्या खोलीत पलंगावर बसले. डोळ्यांना पट्टी नव्हती, पण अजून सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. नाक मात्र माझं ठणठणीत आहे. थोड्या वेळानं मटणाचा वास आला. मी उठून मागच्या दाराशी गेले, तिथं वास कमी झाला. पुढच्या दाराशी गेले, तिथंही कमी. जिन्याशी आले तशी तो नाकात भरला. चूल मागच्या अंगणात, आणि मटणाचा वास वरच्या मजल्यावरून खाली उतरतोय.

उत्कर्षा मधेच खाली आली, तिच्या मागे वरच्या खोलीचं दार ओढलेलं. तिच्या हातात एकही पेपर नव्हता. ती अंघोळीला गेल्यावर मी मागच्या दाराची कडी काढली आणि अंगणात गेले. चुलीत हात घालायच्या आधी वाकून पाहिलं, आणि बरं झालं पाहिलं. चुलीत, थंडगार राखेवर, शेजारच्यांचं मांजर मुटकुळं करून झोपलं होतं. त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

म्हणजे वरच्या खोलीत यंत्रं लावली होती. एक नाही, वीस माणसांचं मटण म्हणजे तीन तरी हवीत. मला राग आला, फार राग आला, पण त्याहून जास्त समाधान झालं, हे का लपवू? चोर सापडला होता. मी ठरवलं, आत्ता बोलायचं नाही. भावकी पंगतीत बसेल, घास तोंडात जाईल, कुणीतरी विचारेल, "वहिनी, आज चव का बदलली?" तेव्हा मी फक्त उत्कर्षाकडे बघायचं. बाकीचं काम दादासाहेब करतील.

दादासाहेब म्हणजे माझे चुलत दीर, भावकीतले कर्ते. मटणातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं मुळशीपासून मावळापर्यंत कुणाला कळत नाही असं ते स्वतःच सांगतात. दुपारी ते आले, भावकीतलेच आबाजी आले, बायका-पोरं आली. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या. आणि शेखर दोन्ही हातांत टॉवेल धरून, घामाघूम होत, माझं पातेलं घेऊन आला.

मी चाट पडले. पातेलं तेच होतं. रंगरावांनी साच्यात एका कानाला जरा वाकडेपणा ठेवला होता, तो वाकडा कान मला धुरकट डोळ्यांनीही ओळखू आला. म्हणजे भंगारात गेलं नव्हतं. पण त्याचा काळेपणा काहीतरी वेगळा होता. सगळीकडे सारखा, मोटारसायकलच्या टाकीसारखा. तोंडाभोवती उत्कर्षानं केळीचं पान आणि पांढरा पंचा गुंडाळला होता. त्या पानाआड काय आहे ते दिसत नव्हतं.

"आलं बगा रंगूचं पातेलं!" दादासाहेबांनी मांडी ठोकली.

उत्कर्षा वाढायला लागली. पळी आत गेली आणि बुडाला लागली. टण्ण. मी कान टवकारले. बिडाला पळी लागली की ठक्क असा दबका आवाज होतो, तो मी झोपेतसुद्धा ओळखीन. हा आवाज स्टीलचा होता. बिडाच्या पातेल्यात स्टीलचं पातेलं बसवून आणलं होतं! म्हणजे माझं पातेलं आज नुसतं मिरवायला आलं होतं.

मी माझ्या ताटातला पहिला घास घेतला. आता चवीबाबत मी खोटं बोलणार नाही. मटण शिजलं होतं सुरेख. खांद्याची फोड बोटानं सुटत होती, नळीतला मगज अख्खा निसटून आला. माझ्या पातेल्यात कधी एखादी फोड चिवट राहते, इथं एकही नव्हती. तेवढ्यापुरतं यंत्र माझ्या पुढं गेलं. पण रस्सा पातळ, जरा पिठूळ. दाटपणासाठी शेवटी वाटण वाढवलं होतं, ते नीट शिजलं नव्हतं. तर्री वरवर ओतलेली. आणि मटणाला स्वतःचा रंग नव्हता, मसाल्याचा होता. आत उकडलेलं आणि बाहेरून रंगवलेलं. हे शेंबड्या पोरालाही कळावं.

मी घास गिळला आणि वाट बघत बसले.

दादासाहेबांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, भुरका मारला. डोळे मिटले. मग उघडून म्हणाले, "वैनी, ह्याला म्हंत्यात मटान! बिडाच्या पातेल्याची सर कशालाच न्हाई. आमच्या सुनंनं बी ते लाइटीवरचं मशीन आणलंय. त्यातलं खाल्लं की वाटतं दवाखान्यात हाय. ह्ये खाल्लं की कळतं, चूल म्हंजी काय आन् बीड म्हंजी काय."

"लाखात एक," आबाजी म्हणाले.

"माजं डोळं बांदा," दादासाहेब म्हणाले, "आन् धा ताटं फुडं ठेवा. जयमालावैनीच्या पातेल्यातलं मटान मी वळखून दाखीवतो." आणि त्यांनी रश्श्यासाठी वाटी पुढं केली.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे माना डोलावत होते. कुणी नळी चोखत होतं, कुणी बोटं चाटत होतं. दरवर्षी जी वाक्यं ऐकून मी रात्रभर सुखानं झोपायचे तीच वाक्यं, त्याच क्रमानं, त्याच आवाजात चालली होती. फक्त ताटात माझं मटण नव्हतं.

मी तोंड उघडलं. "भावजी," मी म्हणाले.

उत्कर्षाची पळी हवेतच थांबली. तिच्याकडे न बघताही मला ते कळलं. एका वाक्यात तिचं नाक कापता आलं असतं. चुलीत मांजर झोपलंय, जाऊन बघा. पंचा काढा, आत स्टील आहे, बघा. एवढं बोलायचं होतं.

पण मला दुसरंच काहीतरी दिसलं. मी हे बोलले, आणि दादासाहेब हसून म्हणाले, "अस्सं व्हय? मग काय बिगडलं वैनी, झालंय की झ्याक," तर? तर पातेलंही गेलं, चूलही गेली, आणि एवढी वर्षं माझ्या हाताला मिळालेली वाहवाही गेली. मग या घरात मी कोण? भीती वाटली मला. उत्कर्षाची दया आली म्हणून मी गप्प बसले असं कुणी समजू नये. मला भीती वाटली ती माझ्यासाठीच.

"काय वैनी?"

"भाकरी घ्या आजून," मी म्हणाले.

जेवणं झाली, पानविडे झाले. दादासाहेब निघताना परत म्हणाले, "फुडच्या आखाडाला बी हितंच. ह्ये पातेलं हाय तवर आमी दुसरीकडं जात न्हाई." मी हात जोडले. गाड्या गेल्या तशी मी सरळ पातेल्यापाशी आले, पंचा ओढला, आतलं स्टीलचं पातेलं बाजूला केलं आणि आत हात घातला. गार, गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखं. नखानं खरवडलं तर नख घसरलं. माझा थर नव्हता. तेलाचा वास नव्हता. रंगाचा वास होता.

"कुनी क्येलं ह्ये?"

उत्कर्षानं खाली पडलेला पंचा उचलला. मी तिच्याकडे वळले. "चूल गार हाय. मांजर निजलंय चुलीत. मला आंधळी समजलीस? पातेलं रंगवून शोभेला ठेवलंस, आन् मशीनचं मटन माज्या नावावर खपवलंस. कशापायी? मी मरायची तरी वाट बगायचीस!"

"काकी, तिनं नाही," शेखर दारातून म्हणाला. "मी केलं."

मग सगळं बाहेर आलं. मी काळेवाडीला असताना त्यानं पातेलं चाकणला शेडवर नेलं होतं. त्याला वाटलं, आतबाहेर जळकट पुटं चढलीत, मळ बसलाय, काकीला कुणी कधी स्वच्छ करून दिलं नाही. त्याच्याकडे बारीक पोलादी छर्रे जोरानं मारून लोखंड साफ करायचं यंत्र आहे. मोटारींचे जॉब ज्यात टाकतात त्यात त्यानं माझं पातेलं टाकलं. छर्ऱ्यांनी सगळं खरवडून पांढरं केलं, आणि वर काळी पावडर मारून भट्टीत भाजून काढली.

"एक नंबर फिनिश आलं होतं काकी," तो रडवेला होऊन म्हणाला. "मला वाटलं, तू नव्या डोळ्यांनी घरी येशील, तर पातेलंबी नवं दिसावं."

एवढ्या वर्षांचं तेल त्यानं एका पाळीत उडवून लावलं होतं, आणि ते मायेनं केलं होतं. मी पातेल्याशेजारी खाली बसले. वाईट माणसाला शिव्या देता येतात. या पोराला काय देऊ?

उत्कर्षा म्हणाली, "घरी आणल्यावर मी पाहिलं आणि मला कळलं काय झालंय ते. तो रंग खाण्याच्या भांड्याला चालत नाही, म्हणून ते वरच्या खोलीत लपवलं आणि आज आत स्टील बसवलं. हा म्हणाला, आखाड होऊ दे, मग सांगू. मी ऐकायला नको होतं."

"बरं क्येलंस," मी कडू होऊन म्हणाले. "आवडलं की समद्यांना. दादासाहेबांनी दोन बारी घेतलं. आता पातेलं कशाला आन् मी तरी कशाला? तुजी तीन मशीनं ठेव पुढल्या वर्षी."

ती माझ्यासमोर फरशीवर बसली. तिच्या हातात तिचं ताट होतं. ताटातलं मटण तसंच होतं, एखाद-दुसरा घास मोडलेला.

"काकू, एक विचारू? रस्सा पातळ झाला ते मला कळलं. वाटण कच्चं राहिलं तेही कळलं. पण आणखी काहीतरी नव्हतं. पहिल्या घासापासून शोधतेय."

मला वाटलं, ही आता गोड बोलून मला गुंडाळणार. मी काही इतक्यात फसणारी नव्हे. "तूच सांग की, काय नव्हतं?"

तिनं ताटातला रस्सा बोटानं परत चाखला. "तुमच्या मटणाचा घास गिळला ना, की मागं एक चव राहते. करपल्याची नाही, पण करपायच्या अगदी अलीकडची. जरा कडसर. मग पाणी प्यावंसं वाटत नाही, ती चव जाईल म्हणून. ती नव्हती."

पातेल्याच्या बुडाला मटण धरायला लागतं, अजून जरा वेळ गेला तर जळणार, तेवढ्यात पळीनं ती खरवड सोडवायची आणि रश्श्यात जिरवायची. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. रंगरावसुद्धा "छान झालंय" याच्यापलीकडे कधी गेले नाहीत. त्या एका क्षणासाठी मी चुलीपासून हलायची नाही. आणि ते या पोरीच्या जिभेला कळत होतं, जिच्यावर मी दोन आठवडे पाळत ठेवली होती.

मला रडू आलं. डॉक्टरांनी डोळे चोळायला मनाई केली होती, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

"पण समद्यांना चाललं की गं," मी म्हणाले. "मग तू कशाला जिवाला लावून घेतीस?"

"त्यांना चाललं," उत्कर्षा म्हणाली. "मला नाही चाललं."

शेखर अजून दारातच उभा होता. त्याला मी सांगितलं, उद्याच्या उद्या ते पातेलं शेडवर ने, ती पावडर उतरव, पांढरं कर, आणि खबरदार त्याला वर काही लावशील तर. तो मान हलवून लगेच गाडीची किल्ली शोधायला लागला.

उत्कर्षाला मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं नाही. एका वाक्यावर विश्वास टाकणारी बाई मी नव्हे. कुणास ठाऊक, दोन पुस्तकं वाचून बोलली असेल. पण श्रावण लागायला अजून दहा दिवस होते.

"पुढच्या आयतवारी थोडंच मटन आण," मी तिला म्हणाले. "धुराला तू बसायचं. मी पायरीवर बसून सांगीन. पातेलं कोरं आसंल, पयल्यांदा काळंच व्हईल, बिगडंल."

"बिघडू दे. किती जणांचं आणू?"

"दोघींचं," मी म्हणाले. "आन् दादासाहेबाला कळवू नगं."